मनकमान आणि हरकत मंडळ

वारणकुंडच्या नगरपरिषदेत शिरायचं तर चपला काढाव्या लागत नसत, पण मन दाखवावं लागे.

दाराला एक कमान बसवली होती. दिसायला लग्नाच्या मांडवासारखी, फक्त फुलांच्या जागी खांबांत बारीक भिंगं. खाली माणूस उभा राहिला की समोरच्या पडद्यावर देवीचा मुखवटा, मशिदीचा मिनार, क्रूस, बोधिवृक्ष अशी चित्रं झरझर सरकत. ज्याला जे चालेल ते त्यानं घ्यावं. तेवढ्या वेळात भिंगं आपलं काम करत. कातडीखाली रक्त कसं धावलं, डोळ्यांच्या बाहुल्या किती रुंदावल्या, श्वास कुठं थबकला, अंगावर काटा किती उठला, हे सगळं टिपून माथ्यावरच्या पाटीवर एक आकडा उमटे. त्याला श्रद्धांक म्हणत. तिसाच्या वरचा आकडा हिरवा, त्याला रांग नाही. तिसाच्या खालचा पिवळा, त्यानं बाकावर बसावं. शून्यासाठी मात्र रंगच ठेवला नव्हता. बनवणाऱ्यांना वाटलं असावं, आपल्याकडे शून्य कुणाला येणार?

ही कमान मुळात एका डॉक्टरणीनं आकडी येणाऱ्या रोग्यांसाठी तयार केली होती. आकडी येण्याआधी शरीर जे इशारे देतं ते ओळखायचे आणि घरच्यांना सावध करायचं, एवढंच तिचं काम. नगराध्यक्ष धैर्यशील शिंत्रे यांनी ती एका प्रदर्शनात पाहिली आणि त्यांच्या डोक्यात वेगळाच प्रकाश पडला. ज्याला कशाचीच भीती नाही, आदर नाही, तो माणूस कर बुडवतो, नळ फोडतो, शिंकताना रुमाल धरत नाही, असं त्यांचं मत होतं. "आम्ही धर्म विचारत नाही," ते अभिमानानं सांगत. "आम्ही फक्त विचारतो, धर्म आहे का?" यावर सगळ्या धर्मांच्या पुढाऱ्यांनी एकाच व्यासपीठावर टाळ्या वाजवल्या. वारणकुंडात तसं याआधी फक्त क्रिकेटच्या वेळी घडलं होतं.

पहिल्याच आठवड्यात कुणाची तरी बकरी कमानीखालून गेली आणि तिला चोपन्न आकडा आला. शिपायानं नियमाप्रमाणे तिला आत सोडलं. ती बांधकाम विभागात अर्धा दिवस होती आणि तिच्याबद्दल एकही तक्रार आली नाही.

हसण्याचे दिवस तिथंच संपले. पुढचा हुकूम निघाला तो कर्मचाऱ्यांसाठी. ज्यांचा श्रद्धांक तिसाच्या खाली, त्यांना कामावरून थांबवायचं. ठराव नगरपरिषदेच्या खुल्या सभेत मंजूर व्हायचा होता, पण तपासणी आधीच सुरू झाली.

सोनाक्का गुरव त्या सकाळी नेहमीसारखी आली. खांद्यावर पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी चावी. गावाला पाणी सोडायचं हे तिचं सरकारी काम आणि जळाईदेवीची पूजा हे तिच्या घराण्याचं. पहाटे देवीला आंघोळ, मग गावाला. हा क्रम तिच्या सासूपासून चालत आलेला. ती कमानीखाली उभी राहिली, चित्रं सरकली, आणि पाटीवर शून्य उमटलं.

"पुन्हा उभ्या राहा," कारकून म्हणाला.

पुन्हा शून्य.

त्यानं कमानीच्या खांबावर थाप मारली, जुन्या टीव्हीला मारत तशी. सोनाक्का तिसऱ्यांदा उभी राहिली. आता देवीचा मुखवटा मुद्दाम थांबवून ठेवला. सोनाक्कानं तो नीट पाहिला आणि म्हणाली, "नथ उलटी घातलीया हिला. कुणी काढला ह्यो फोटू?"

शून्य.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. जळाईदेवीच्या गुरविणीच्या पोटात देवीच नाही. देवस्थान समितीनं निरोप धाडला की निकाल लागेपर्यंत पूजाही दुसऱ्याकडे द्यावी.

*

वारणकुंडात एक नागरी स्वातंत्र्य सभा होती. हे नाव फक्त तिच्या शिक्क्यावर होतं. गाव तिला हरकत मंडळ म्हणे, कारण सरकारनं काहीही केलं की यांची हरकत पहिली. शाळेत सक्तीची प्रार्थना आली तेव्हा यांची हरकत. एका पोराला कपाळावर गंध लावलं म्हणून शाळेतून काढलं, तेव्हाही यांचीच हरकत. सरकारी कचेरीत सत्यनारायण घातला, हरकत. फकिराला चौकात गाण्याची बंदी केली, हरकत. देव मानणारे त्यांना नास्तिक म्हणत आणि नास्तिक त्यांना बुळे म्हणत. मंडळाला दोन्हींचा सारखाच अभिमान होता.

ते भरत असे सायमन चांदेकरांच्या ब्रास बँडच्या गोदामात. गावातल्या प्रत्येक वरातीत, उरुसात आणि नाताळात सायमनभाऊंचाच बँड वाजे, त्यामुळे त्यांना सगळ्या धर्मांच्या चाली पाठ होत्या आणि कुठल्याच धर्माचा राग नव्हता. ढोलांवर बसून, कर्ण्यांना टेकून सभा चालायची. दार उघडं ठेवायचं, हा मंडळाचा पहिला नियम. कुणीही यावं, ऐकावं. दुसरा नियम होता उलट्या खुर्चीचा.

ही एक हात मोडलेली लाकडी खुर्ची. ती बाकीच्यांकडे तोंड करून ठेवलेली असे. कुठलंही प्रकरण हाती घेण्याआधी एकानं तिच्यात बसायचं आणि समोरच्याची बाजू मांडायची. थट्टेनं नाही, मनापासून. समोरच्याला स्वतःला सुचणार नाही इतकी चांगली. मग हात वर. खुर्ची जिंकली, तर तिला उत्तर सापडेपर्यंत मंडळानं प्रकरणाला हात लावायचा नाही, आणि तोवर खुर्ची बसणाऱ्यानंच सांभाळायची, घेऊन हिंडायची.

सोनाक्का आली तेव्हा गोदामात सगळे जमले होते. वकील मुमताज नदाफ एका ताशावर बसली होती. मंडळाचे खटले तीच लढे. कमान बसल्यापासून ती नगरपरिषदेच्या आत गेलेली नव्हती. कागद असला तर बाहेरच्या खिडकीतून देई. मशिदीतल्या लोकांना वाटे ती आपली, मंडळातल्या नास्तिकांना वाटे ती आपली, आणि ती दोघांनाही चहा पाजून वाटेला लावे.

"नोकरी जाऊ दे गं," सोनाक्का म्हणाली. "मी हातानं कष्ट करून खाईन. पण गाव म्हणतंय सोनाक्काला देवी न्हाई. ह्ये मी कसं पुसून काढू? कपाळ उघडून दावू?"

"दाखवायचंच नाही, अक्का," मुमताज म्हणाली. "आपलं भांडण तेवढंच आहे."

कोपऱ्यातून टोणे सर उठले. गजेंद्र टोणे. हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले, गावातले सगळ्यात जुने नास्तिक. मुमताज त्यांचीच विद्यार्थिनी.

"शून्य का आलं ते मी सांगतो," ते म्हणाले. "मेंदू रोजच्या गोष्टीची नोंद ठेवत नाही. घड्याळाची टिकटिक आपल्याला ऐकू येते का? ही बाई जन्मभर देवीला न्हाऊ घालते. हिच्या मेंदूला देवी म्हणजे टिकटिक. उलट भीती आणि भक्ती यांतला फरक यंत्राला कळत नाही. तो ठेकेदार कमानीखालून गेला, त्याला ब्याण्णव. घामानं निथळत होता बिचारा. त्याचा पूल पडला होता ना."

"म्हणजे यंत्रच खोटं!" सायमनभाऊ म्हणाले.

"यंत्र खोटं म्हणून लढायचं?" मुमताजनं मान हलवली. "उद्या खरं यंत्र आणतील, मग? सर, बसा खुर्चीत. आज तुमची पाळी."

टोणे सर बसले. कोटाची बटणं लावली. आणि बोलायला लागले ते असे, की ताशावर बोट वाजवणाऱ्याचं बोटही थांबलं.

ते म्हणाले, या देशात माणूस कुठल्याही दारात उभा राहिला की आधी त्याचं आडनाव विचारतात. आडनावावरून जात, जातीवरून धर्म, धर्मावरून रांगेतली जागा. हे पहिलं दार असं आहे की जे आडनाव विचारत नाही. चर्चवाला, दर्ग्यावाला, देवळातला, विहारातला, सगळे एकाच कमानीखालून जातात. गाडी चालवणाऱ्याची नजर तपासतो, त्यात कुणाचा अपमान होतो का? मग गावाचं पाणी ज्याच्या हातात, त्याला आपल्याहून मोठं काही वाटतं की नाही, एवढं पाहिलं तर काय बिघडलं? तुम्ही म्हणता सरकारनं एका धर्माची बाजू घेऊ नये. घेतलीय कुठं? समतेची वाट पाहत आपण म्हातारे झालो. ती कमानीच्या रूपात आली, तर तुम्ही तिला दारातूनच परत पाठवणार?

मग सायमनभाऊंनी हळूच हात वर केला.

"माफ करा, अक्का. पण मला पटलं."

आणखी हात वर गेले. शेवटी टोणे सरांना स्वतःलाच इतकं पटलं की त्यांचाही हात वर जायला लागला. तो मुमताजनं धरून खाली ओढला. पण व्हायचं ते झालं होतं. खुर्ची जिंकली होती.

सोनाक्का एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिली. "म्हंजी? तुमी माज्या बाजूचं का त्याच्या?"

"तुमच्याच," टोणे सर ओशाळून म्हणाले. "पण आमचा नियम आहे—"

"जळो तुमचा नियम!" असं म्हणून तिनं चावी खांद्यावर घेतली आणि ती निघून गेली. तिच्या मागोमाग उघड्या दारातून आणखी एक माणूस निघाला. तो नगराध्यक्षांचा स्वीय सहायक होता, आणि टोणे सरांचं सगळं भाषण त्याच्या खिशातल्या फोननं टिपलं होतं.

*

पुढचे काही दिवस टोणे सर खुर्ची डोक्यावर घेऊन गावात हिंडले. भाजी आणायला खुर्ची, केस कापायला खुर्ची. चहाच्या टपरीवर पोरं विचारत, "काय सर, लग्नाला का मयताला?" सर उत्तर देत, "उत्तर शोधायला!" पण उत्तर सापडत नव्हतं. स्वतःचाच मुद्दा खोडताना त्यांची झोप उडाली. एकदा तर ते आरशासमोर स्वतःशी इतके भांडले, की शेजारीण मध्ये पडली.

मुमताज सोनाक्काला शोधत देवळात गेली. समितीचा नवा पुजारी अजून यायचा होता, तोवर सोनाक्काच देवीला आंघोळ घालत होती. मुमताज पायरीवर थांबली.

"आत ये की. का तुलाबी कमान लागती?"

"नको, इथंच बरी आहे. पाय भिजतील."

सोनाक्का मूर्तीच्या कानामागं बोट घालून जुनं कुंकू काढत होती. "हाल जरा तिकडं," ती मूर्तीला म्हणाली. मग कापडानं तिचं नाक पुसलं.

"अक्का, हे करताना तुम्हाला काय वाटतं?"

"काय वाटायचंय? ऊन पानी गार व्हतंय, असं वाटतं." ती हसली. "वकीलबाई, पोराचं नाक पुसताना आईच्या अंगावर काटा येतो का गं? काटा पाव्हण्याला येतो. मी हितली हाय."

मुमताज पायरीवरच बसली.

"आनि तुजं काय?" सोनाक्कानं वळून विचारलं. "तू नमाज पडतीस का न्हाई? गावाला लई दिवस कोडं पडलंय."

"ते मी कुणालाच सांगत नाही. अम्मीलासुद्धा नाही."

"ब्येस करतीस," सोनाक्का म्हणाली आणि देवीच्या डोक्यावरून उरलेलं पाणी ओतलं. "सांगितलं की त्ये आपलं ऱ्हात न्हाई."

मुमताज पायरीवरून उठली ती घाईघाईनं. तिला उत्तर सापडलं नव्हतं, पण ते कुठं बसलंय याची जागा सापडली होती.

*

खुली सभा नगरपरिषदेच्या पटांगणात भरली. व्यासपीठ मुख्य दारासमोर घातलं होतं, त्यामुळे कमान बरोबर नगराध्यक्षांच्या पाठीमागं आली होती. दिवस ढळायचा होता आणि गाव झाडून जमलं होतं. टोणे सर खुर्चीसकट पुढच्या रांगेत होते. सोनाक्का चावीसकट.

धैर्यशील शिंत्रे उठले. पांढरा सदरा, भरदार आवाज. आणि ते जे बोलले, ते ऐकून हरकत मंडळाची मान एकदम खाली गेली. आडनाव न विचारणारं पहिलं दार. गाडी चालवणाऱ्याची नजर. कमानीच्या रूपात आलेली समता. शब्द न् शब्द टोणे सरांचा.

"चोरी!" सायमनभाऊ पुटपुटले.

"चोरी कसली," टोणे सर म्हणाले. "दार आपणच उघडं ठेवलं होतं." आणि इतक्या दुःखातही त्यांना वाटून गेलं, की भाषण झालं मात्र चांगलं.

टाळ्यांचा गडगडाट झाला. मुमताज मंडळाच्या नाही, स्वतःच्या नावानं बोलायला उभी राहिली तेव्हा तिचा आवाज कुणापर्यंत पोचेना. नगरसेवक हात वर करायच्या तयारीत होते. आता हात वर झाले की सोनाक्काची चावी काढून घेणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "सायेब, तुमचा आकडा किती?"

शिंत्रे हसले. "माझा काय संबंध?"

"सगळ्यांचा हाय, तर तुमचा का न्हाई?"

दुसरा म्हणाला, "ह्ये तर रोज मागल्या दारानं येत्यात!"

ते खरं होतं. कमान बसल्यापासून नगराध्यक्षांना तिच्याखालून जाताना कुणीच पाहिलं नव्हतं. इतके दिवस कुणाच्या ध्यानात आलं नाही आणि आता एकदम सगळ्यांच्या आलं. शिंत्र्यांचा चेहरा उतरला. जी माणसं टाळ्या वाजवत होती, तीच पुढं सरकली. "कमान! कमान!" असा घोष सुरू झाला.

टोणे सरांच्या अंगात वीस वर्षांचं पोर शिरलं. खुर्ची डोक्यावर घेऊन ते सगळ्यांच्या पुढं झाले. "चला अध्यक्षसाहेब! माझं भाषण चोरलंत, आता माझ्या भाषणाप्रमाणे वागा!" लोकांनी शिंत्र्यांना दोन्ही दंडांना धरलं. पाय घासत, सदरा ओढला जात, ते कमानीकडे ढकलले जाऊ लागले. गर्दी आनंदानं वेडी झाली होती. मंडळाला यापेक्षा सोपा विजय मिळणार नव्हता. आकडा पिवळा आला की ठराव मेला.

आणि मुमताज धावत जाऊन कमानीत आडवी उभी राहिली.

दोन्ही हात दोन्ही खांबांना. "मागं व्हा!"

"मुमताज, बाजूला हो!" टोणे सर ओरडले. "जिंकलोय आपण!"

"असं नाही, सर. यांच्या मनाचं दार उघडायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

"त्यानं सगळ्या गावाचं उघडलं!"

"म्हणूनच तर आपण त्याच्याशी भांडतोय. आता आपणच तेच करायचं?" मग ती गर्दीकडे वळली, आणि आता तिचा आवाज थेट मागच्या भिंतीपर्यंत गेला. "टोणे सरांच्या भाषणाचं उत्तर मला आत्ता सापडलंय. ही कमान कुठला देव हे विचारत नाही, खरं आहे. पण देव आहे का, हे विचारतेच. ज्या नमस्काराकडे नगरपरिषद डोळे लावून बसते, तो नमस्कार नगरपरिषदेलाच पोचतो. देवाला पोचत नाही आणि माणसाचाही राहत नाही. ज्याला देव आहे त्यानं आपला देव वाचवायला ही कमान काढावी. ज्याला नाही त्यानं आपलं ‘नाही’ वाचवायला काढावी. आणि ज्याला अजून ठरवता येत नाही, त्याला निवांत ठरवू द्यावं."

शिंत्र्यांना धरलेले हात सैल पडले. लोक ऐकत होते. पण एका गोष्टीकडे तिचं लक्ष नव्हतं. ती कमानीखाली उभी होती आणि कमानीला भाषणाशी काही देणंघेणं नव्हतं. खांबांतली भिंगं लुकलुकू लागली. पडद्यावर मिनार सरकला, मुखवटा सरकला. माथ्यावरची पाटी उजळायला लागली.

पटांगणातली प्रत्येक नजर वर गेली. इतक्या वर्षांचं कोडं आता सुटणार होतं.

टोणे सरांचीही नजर वर गेली. खरं तर त्यांच्याइतकं ते कोडं कुणालाच छळत नव्हतं. आपण घडवलेली पोर आपली की नाही, हे त्यांना मरायच्या आधी एकदा कळायला हवं होतं. पण पाटीवर पहिला आकडा थरथरायला लागला, तसं त्यांना मुमताजचं तोंड दिसलं. ती पळून जात नव्हती. पळाली असती तर दार मोकळं झालं असतं. तिनं फक्त डोळे मिटून घेतले होते.

टोणे सरांनी उलटी खुर्ची धाडकन जमिनीवर ठेवली. तिच्यावर चढले. मोडक्या हाताच्या बाजूला तोल गेला, पण सोनाक्कानं चावी आडवी लावून त्यांना सावरलं. सरांनी अंगातला कोट काढला, आकडी आलेल्यासारखा ओढूनच काढला, आणि पाटीवर टाकला.

कोटाखाली काहीतरी उजळलं. कोट काळा आणि जाड होता. रंगही दिसला नाही.

"बघायचं नाही कुणी!" खुर्चीवर उभं राहून, नुसत्या सदऱ्यात, सर वर्गात ओरडत तसे ओरडले. "खाली बघा सगळे!"

आणि खोटं वाटेल, पण त्या पटांगणातली निम्मी माणसं त्यांची विद्यार्थी होती. सगळ्यांनी खाली पाहिलं. नगरसेवकांनी पाहिलं, ठेकेदारानं पाहिलं, कमानीच्या शिपायानंही पाहिलं. पाटी विझेपर्यंत अख्खं वारणकुंड आपापल्या पायांकडे बघत उभं होतं. एवढा मोठा समुदाय, आणि एकालाही दुसऱ्याचं मन बघायचं नव्हतं. त्या गावानं पुढं बऱ्याच गोष्टींचा अभिमान मिरवला, नवा पूल, नवं क्रीडांगण, पण म्हातारी माणसं अजून सांगतात ती या खाली बघण्याची गोष्ट.

पहिले बोलले ते शिंत्रे. सदरा नीट करत, हळू आवाजात. "कमान बंद करा."

"आनि ठराव?" सोनाक्कानं विचारलं.

"कसला ठराव?" ते म्हणाले. मग मुमताजच्या जवळ आले. "बाई, तुम्हाला वाटत असेल, माझा आकडा कमी आला असता."

"मला काहीच वाटत नाही. ते माझं काम नाही."

"मलाच माहीत नाही, किती आला असता," शिंत्रे म्हणाले. "घरात एक मरण झालं, तेव्हापासून कळेनासं झालंय. म्हणून मागच्या दारानं यायचो." आणि ते पहिल्यांदाच, विझलेल्या कमानीखालून, पुढच्या दारानं आत गेले.

दुसऱ्या सकाळी पूजा आटपून सोनाक्कानं गावाला पाणी सोडलं, आणि नारळाचा प्रसाद घेऊन ती गोदामात आली. टोणे सरांनी हात पुढं केला.

"सर, परसाद हाय बरं का त्यो."

"खोबरं आणि साखर आहे," सर म्हणाले आणि आणखी एक तुकडा घेतला. सायमनभाऊंनी कर्णा उचलला आणि अशी चाल वाजवली की जी वरातीचीही होती, उरुसाचीही आणि नाताळचीही.

*

कमान शेवटी सायमनभाऊंनीच मागून घेतली. गोदामात तिच्यावर ढोलांचे पट्टे वाळत पडतात. सरांचा कोट तिथंच टांगलेला आहे. तो त्यांनी परत घेतला नाही. कोटाखाली काय उमटलं असेल हे त्यांनी मुमताजला एकदाही विचारलं नाही, आणि त्यांच्या दृष्टीनं त्यांनी आयुष्यात केलेलं हे सगळ्यात अवघड शास्त्रीय काम होतं.

परवा मंडळाच्या सभेला एक पाहुणी आली. दार उघडंच होतं. नीटनेटकी साडी, गोड बोलणं. कमान बनवणाऱ्यांकडूनच आली होती. तिनं पर्समधून शर्टाच्या बटणाएवढी एक वस्तू काढली आणि ढोलावर ठेवली.

"कमानीचा जमाना गेला," ती हसून म्हणाली. "हे रस्त्याच्या दिव्यात बसतं. खाली उभं राहावं लागत नाही, थांबावं लागत नाही, रांग नाही, पाटी नाही. माणसाला कळतसुद्धा नाही, त्यामुळे अपमान व्हायचा प्रश्नच नाही. तुमचीच तक्रार होती ना ती? आम्ही ती दूर केली. सगळ्यांत आधी तुम्हाला दाखवायला आणलंय."

टोणे सरांनी बटण उचललं, डोळ्यांजवळ नेलं, परत ठेवलं. बाहेर रस्त्यावरचे दिवे लागत होते, एकेक करून, नेहमीसारखे.

सोनाक्का आता मंडळाच्या सभांना येते. ती दिव्यांकडे बघत होती. "वकीलबाई," ती म्हणाली, "त्या बारीला दार व्हतं, म्हून तू दारात आडवी हुबी ऱ्हायलीस. आता दारच न्हाई. मग आडवं कुटं हुबं ऱ्हायाचं?"

मुमताज उठली. एक हात मोडलेली खुर्ची तिनं ओढत मध्यभागी आणली आणि सगळ्यांकडे तोंड करून ठेवली.

"बोला," ती म्हणाली. "आज हिच्यात कोण बसतंय?"